दुसरा मंगळवार आणि त्यानंतरचा दुसरा रविवार

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर वापरणाऱ्यांची मासिक बैठक भरवायची म्हटली की पहिला प्रश्न निघतो विषयाचा, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कुणी एआयवर व्याख्यान सुचवतं, कुणी सायबर सुरक्षेवर स्लाइड्स घेऊन येतं, आणि तिसऱ्या महिन्यापासून खुर्च्या रिकाम्या राहतात. चोपडा, अमळनेर, पाचोरा, शिरपूर, शहादा अशा गावांत ज्यांचं पोट कॉम्प्युटरवर आहे, म्हणजे डीटीपीवाले, सेतू केंद्र चालवणारे, कर सल्लागार, जिनिंगमधले दिवाणजी, केळीच्या गाड्या भरणारे व्यापारी, त्यांना व्याख्यान नको असतं. 'काल तं चालू व्हतं ना भो, आज प्रिंट का निघत नाही?' याचं उत्तर हवं असतं. म्हणून विषय दर महिन्याला एकच ठेवावा: अपडेट. आणि तारीख ठरवताना कुणाच्या सोयीपेक्षा मायक्रोसॉफ्टचं कॅलेंडर पाहावं.

ते कॅलेंडर सरळ आहे. विंडोजचा सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला सुटतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे दुकानात तो बुधवारी सकाळी पोचतो, ऐन गर्दीच्या वेळी. त्यानंतर चौदा दिवसांनी, चौथ्या मंगळवारच्या सुमारास, 'प्रीव्ह्यू' नावाचा ऐच्छिक अपडेट येतो. पुढच्या महिन्यातले बदल त्यात आधी चाखायला दिलेले असतात. दुकानाच्या मशीनवर तो घ्यायचं काहीच कारण नाही.

बैठक ठेवावी दुसऱ्या मंगळवारनंतरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे बरोबर बाराव्या दिवशी. तारीख नेहमी २० ते २६ च्या दरम्यान येते. या हिशोबाला तीन आधार आहेत. प्रीव्ह्यू अजून दोन दिवस लांब असतो, त्यामुळे सगळ्या मशीनवर एकच गोष्ट बसवायची असते. जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांच्या अनुक्रमे ११ आणि २० या तारखा बहुधा उलटलेल्या असतात, त्यामुळे कर सल्लागार मशीन उचलून आणायला तयार होतात. आणि या बारा दिवसांत जगभरातल्या लोकांनी अपडेट बसवून त्यातले खड्डे शोधलेले असतात.

तिसरा मुद्दा नुसता सावधपणाचा नाही. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ ला सुटली. काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइल्सच ती उडवत होती. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांतच वाटप थांबवलं आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आणली. अलीकडचं उदाहरण १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटचं. त्यानंतर रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दुरुस्ती वेगळ्या अपडेटनं २० ऑक्टोबरला आली. दोन्ही वेळा बारा दिवस थांबणाऱ्याला त्रास झाला नसता.

पण थांबणं आणि बंदच करून टाकणं यांत फरक आहे. बाजारात असे 'जाणकार' भरपूर आहेत, जे नवीन मशीन हातात आलं की विंडोज अपडेटची सर्व्हिस डिसेबल करतात आणि गिऱ्हाइकाला 'आता कटकट नाही' म्हणून सांगतात. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता, म्हणजे मध्ये जवळजवळ दोन महिने होते. बारा दिवसांची ढील चालते, दोन महिन्यांची चालत नाही. एखाद्या महिन्यात मायक्रोसॉफ्टनंच 'या भोकाचा गैरवापर सुरू आहे' असं जाहीर केलं असेल, तर ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं तिच्यासाठी रविवारची वाटही पाहू नये.

बारा दिवस थांबवायचं कसं? दुसऱ्या मंगळवारी दुपारी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन 'पॉज' दोन आठवड्यांसाठी लावायचा, आणि बैठकीत 'रिझ्यूम' दाबायचं. पॉज जास्तीत जास्त पाच आठवडे लागतो. मुदत संपली की साठलेले अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा पॉज करता येत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने पुढे ढकलत राहण्याचा मार्ग तसाही बंद आहे.

जागा, वीज, नेट

वाचनालयाचा हॉल किंवा शाळेची कॉम्प्युटर लॅब, दोन्ही चालतात. जागेपेक्षा वीज महत्त्वाची. मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप १०० ते १५० वॅट घेतो, लॅपटॉप चार्जरसकट ६५ च्या आसपास. भिंतीवरचा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला कागदावर १३८० वॅट देतो, पण जुन्या इमारतीच्या वायरिंगवर हजाराच्या पुढे जाऊ नये. म्हणजे एका सॉकेटवर सहा-सात डेस्कटॉप. एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नये. आणि मशीन जोडण्याआधी मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज पाहावा. दोन-तीन व्होल्ट चालतो. तो दहा-पंधरा दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतंच आहे, सॉकेट बदला.

रीस्टार्टच्या मधोमध लाइट जाणं ही आपल्याकडची सगळ्यांत मोठी भीती. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं तगवतो, पण जुन्या हार्डडिस्कवर रीस्टार्टनंतरचा टप्पा त्याहून लांबतो. घरगुती इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का ते पाहा. तो साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर बदल व्हायला इतका वेळ लागतो की डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. फीडरचं भारनियमन किती ते किती आहे हे वायरमनला आधी विचारून ठेवावं आणि त्याआधीच्या तासात कुणालाही रीस्टार्ट दाबू देऊ नये.

एप्रिल-मेमध्ये बैठक सकाळी सात ते अकरा. जळगाव-भुसावळकडं पारा ४४-४५ ला जातो, हॉलमध्ये पंख्याखाली चाळीसच्या घरात, आणि अपडेट चालू असताना प्रोसेसर आधीच तापलेला. लॅपटॉप उष्णतेनं अचानक बंद झाला आणि त्या वेळी बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट चालू असेल तर मदरबोर्डच जाऊ शकतो. शिवाय आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नांचा धडाका असतो, अकरानंतर कुणी थांबतही नाही. जिनिंगमधून आलेली मशीन तर कुठल्याही महिन्यात आधी उघडावी. सीपीयूच्या फॅनखालच्या हीटसिंकमध्ये कापसाच्या तंतूंची गादी बसलेली असते. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर पंखा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

नेटचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. विंडोज ११ च्या पूर्ण आवृत्तीची फाइल ५ जीबीच्या वर आहे. ४० एमबीपीएसच्या लाइनवर ती उतरायला साधारण सतरा मिनिटं लागतात. दहा मशीननी ती वेगवेगळी उतरवली तर जवळजवळ तीन तास. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीचा तर प्रश्नच नाही. यावर विंडोजमध्येच उपाय आहे. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' असतं. तिथं 'इतर डिव्हाइसवरून डाउनलोड' चालू करून 'लोकल नेटवर्क' निवडायचं. मग एका मशीननं उतरवलेले तुकडे बाकीची मशीन तिच्याकडून घेतात.

ते चालत नसेल तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं. राउटरच्या गेस्ट वायफायवर मशीन एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून मुख्य नेटवर्क किंवा सरळ स्विच आणि लॅन केबल वापरावी. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर तो दुसऱ्याला तुकडे देत नाही, चार्जर लावलेला हवा. ४ जीबीपेक्षा कमी रॅम असलेलं मशीन या वाटपात धरलं जात नाही. ७६८० हा पोर्ट एखाद्या अँटिव्हायरसनं अडवलेला असू शकतो. आणि उतरवलेल्या फाइल्स मूळ सेटिंगमध्ये तीनच दिवस राखल्या जातात. म्हणून 'आईमशीन', म्हणजे बाकीच्यांना तुकडे देणारं मशीन, शनिवारी संध्याकाळी अपडेट करून ठेवावं, आठवडाभर आधी करून उपयोग नाही. कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायचं) म्हणून लावलेलं असेल तर तेवढ्यापुरतं काढायला विसरू नका.

पेनड्राइव्हनं न्यायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून एमएसयू, म्हणजे अपडेटची सुटी, फाइल घेता येते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून यात एक गाठ आहे. केबी५०४३०८० (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टनं अपडेटला दिलेला क्रमांक) हा सप्टेंबर २०२४ चा 'चेकपॉइंट', म्हणजे पायाचा अपडेट, आधी लागतो. दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून डिस्म या विंडोजमधल्याच कमांडच्या ॲड-पॅकेजनं ताज्या महिन्याची फाइल बसवायची, चेकपॉइंट ती आपोआप शोधते. पेनड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

रिझ्यूम दाबण्याआधी

प्रत्येक मशीनला आधी घड्याळ विचारावं. तारीख मागे गेलेली असेल तर अपडेटचा सर्व्हर ओळख नाकारतो आणि शेवटी २एफ८एफ असलेला एरर येतो. मग लोक नेटला दोष देत बसतात. कारण असतं मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी. जिथं मशीन बोर्डाच्या बटनावरून बंद करतात किंवा लाइट तासन्‌तास जाते, तिथं या बॅटरीवरचा भार वाढतो आणि ती लवकर उतरते. ती ३ व्होल्टची असते. मीटरवर २.७ च्या खाली दिसली की बदलायची. बैठकीच्या पेटीत अशा पाच-सहा असू द्याव्यात, किरकोळ खर्चात अर्धी गाऱ्हाणी मिटतात. बदलण्याआधी बायोसच्या सेटिंगचे फोटो मात्र काढा, कारण बॅटरी काढली की त्या मूळपदावर जातात.

मग बॅकअप. टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, आणि डीटीपीवाल्यांचा फॉन्ट्सचा फोल्डर. बाहेरच्या डिस्कवर कॉपी केल्यावर त्यातली एक फाइल उघडून पाहायची, नाहीतर तो बॅकअप मानू नये. मशीन फॉरमॅटच करायचं असेल तर टॅलीचं लायसन्स आधी 'सरेंडर' करून घ्यावं, म्हणजे नंतर ॲक्टिव्हेशनसाठी फोन करत बसावं लागत नाही.

त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप. इथं मात्र घाई करू नका. विंडोज ११ होम असलेल्या लॅपटॉपवरही त्याचंच साधं रूप, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', चालू असू शकतं, आणि २४एच२ नव्यानं टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं तर ते आपोआप लागतं. मालकाला पत्ताच नसतो. एखाद्या दिवशी बायोसचं अपडेट होतं, किंवा सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचा प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीची) सेटिंग हलते, आणि सुरू होताना पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की ज्या खात्यानं मशीन पहिल्यांदा सुरू झालं त्या खात्यात जमा असते. आपल्याकडं अनेकदा लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातला मुलगा घाईत स्वतःच्या ईमेलनं सेटअप उरकून देतो. म्हणजे की त्याच्या खात्यात, तो दुसरीकडं नोकरीला, आणि डेटा कुलुपात. की नसेल तर तो डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा नाही. म्हणून बैठकीत आलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून बिटलॉकरची स्थिती पाहायची. चालू असेल तर की कागदावर उतरवून, तिच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवून, तो कागद मालकाच्या हातात द्यायचा. गटाच्या वहीत ती की लिहू नये.

जागेचं पाहिलं तर विंडोजच्या वार्षिक आवृत्तीसाठी (२४एच२, २५एच२ अशा) सी ड्राइव्हमध्ये २० ते २५ जीबी मोकळी असलेली बरी, महिन्याच्या अपडेटला दहा. शेवटी ००७० असलेला एरर म्हणजे जागा संपली, दुसरं काही नाही. अपडेट उतरतं पण बसत नाही, तेच ते फिरत राहतं, अशा वेळी अपडेटची आणि बिट्सची (फाइल उतरवणारी) सर्व्हिस थांबवून विंडोजमधल्या सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदलायचं आणि सर्व्हिस पुन्हा चालू करायची. तरीही अडलं तर डिस्मची रिस्टोअर-हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ या दुरुस्तीच्या कमांड चालवाव्यात, याच क्रमानं. उलट क्रमानं केलं तर एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल घेते तोच साठा खराब असतो.

अपडेट ३० टक्क्यांवर तासभर थांबलं म्हणून पॉवरचं बटन दाबू नका. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या हार्डडिस्कवर दोन-दोन तास लागतात. खरं तर असल्या मशीनवर अपडेट करण्याआधी साधी २४० जीबीची साटा एसएसडी बसवावी, पुढचा प्रत्येक महिना सोपा होतो.

वार्षिक आवृत्ती मानवली नाही तर मागं फिरायला दहा दिवस मिळतात, नंतर विंडोज जुन्या आवृत्तीचा फोल्डर स्वतः पुसून टाकतं. डिस्मनं ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती अपडेटनंतर लगेच वाढवावी लागते. पुढची बैठक महिन्यानं असते, म्हणून हे त्याच रविवारी उरकावं.

बंद पडतं ते विंडोज नव्हे

अपडेटनं विंडोजच कोलमडण्याचे प्रसंग कमी. तक्रारी येतात त्या विंडोजला जोडलेल्या गोष्टींच्या: प्रिंटर, शेअरिंग, डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरच्या परवान्याचा यूएसबी डोंगल. म्हणून सीपीयूबरोबर प्रिंटर आणि टोकनही घेऊन या, असं निरोपातच सांगावं. नुसता सीपीयू आणला तर अर्धंच काम होतं.

कॅनन एलबीपी२९०० हा प्रिंटर आपल्या भागात घराघरांत आहे. तो कॅप्ट या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, त्यामुळे विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर त्याला चालत नाही, कॅननचाच लागतो. अपडेटनंतर अनेकदा प्रिंटर बिघडलेला नसतोच. यूएसबीची वायर दुसऱ्या भोकात लागलेली असते, विंडोज 'कॉपी १' नावाचा नवा प्रिंटर तयार करतं आणि प्रिंट जुन्या, ऑफलाइन नावाकडं जात राहते. प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट पाहा, यूएसबी००१ की ००२. आणि त्या भोकाला मार्करनं खूण करून ठेवा. विंडोज ११ मध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' असं एक आकर्षक बटन आलं आहे. ते चालू केलं की कंपन्यांचे सगळे ड्रायव्हर निघून जातात. एलबीपी२९०० असेल तिथं त्याला हात लावू नये.

दुकानात एका मशीनला प्रिंटर आणि दुसऱ्यावरून शेअरिंग असेल तर ११बी हा एरर बहुतेकांच्या ओळखीचा आहे. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधली मोठी त्रुटी बुजवताना सप्टेंबरच्या अपडेटनं जोडणीचे नियम कडक केले, तेव्हापासून तो येतो. रजिस्ट्रीत एक किंमत शून्य केली की प्रिंट सुरू होते, आणि यूट्यूबवर सगळे तेच सांगतात. पण त्यानं ती त्रुटी पुन्हा उघडी पडते. त्याआधी दोन्ही मशीन एकाच महिन्याच्या अपडेटवर आणून पाहा. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या मशीनवर प्रिंटरचा ड्रायव्हर नेहमीसारखा टाकून 'लोकल पोर्ट' तयार करा आणि पोर्टच्या नावात शेअरचा पत्ता द्या. बऱ्याचदा यानं काम होतं.

विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेल्यावर शेअर केलेले फोल्डरच दिसेनासे होतात, त्याचं कारण वेगळं आहे. या आवृत्तीपासून प्रोमध्ये एसएमबीला, म्हणजे फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीला, ओळखीची सही सक्तीची झाली आणि बिनपासवर्डचा 'गेस्ट' प्रवेश बंद झाला. राउटरला लावलेली हार्डडिस्क किंवा जुन्या विंडोजवरचा पासवर्ड नसलेला फोल्डर म्हणूनच उघडत नाही. शेअर करणाऱ्या मशीनवर पासवर्डसह एक खातं तयार करा आणि त्याच नावानं जोडा. बिनपासवर्डचं शेअरिंग तसंही आज ना उद्या सोडायचंच होतं.

डिजिटल सहीच्या टोकनाचं गाऱ्हाणं बहुधा जीएसटीच्या ईएमसाइनर या सही करणाऱ्या प्रोग्रामवर येऊन ठेपतं. सर्व्हरशी जोडणी झाली नाही, ईएमसाइनर रीस्टार्ट करा, असा संदेश येतो. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएससह १२७.०.०.१:१५८५ हा पत्ता उघडून इशाऱ्याला 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जाऊ द्या आणि पोर्टल पुन्हा लोड करा. या एका गोष्टीसाठी अपडेट काढून टाकणारेही आहेत!

डीटीपीवाल्यांचं दुखणं जुनं. डोंगलवर चालणारी जुनी मराठी लिपीची सॉफ्टवेअर, पेजमेकर, आणि त्यात बांधलेली वीस वर्षांची लग्नपत्रिकांची संपत्ती. डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोजवर तो चालणार नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच आहे. ड्रायव्हर ६४ बिट पण जुना असेल तर 'मेमरी इंटेग्रिटी' ही विंडोजची सुरक्षा सोय त्याला अडवू शकते. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये अडवलेल्या ड्रायव्हरची यादी दिसते. तिथं मेमरी इंटेग्रिटी बंद करण्यापेक्षा ते जुनं मशीन आहे तसं, नेटची वायर काढून, फक्त पत्रिकांसाठी ठेवावं. बँक आणि ईमेल दुसऱ्या मशीनवर.

विंडोज १० वर राहिलेल्यांचं काय

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२एच२ आवृत्तीवर असलेल्या घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड्स पॉइंट. नाव विंडोज अपडेटच्या पानावरूनच नोंदवायचं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. प्रोसेसर बसत असूनही 'टीपीएम नाही' असं येत असेल तर बायोसमध्ये इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम चालू करा. खरी अडचण येते ती गावात जुळवलेल्या मशीनवर. तिथं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं, एमबीआर मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असतं. डिस्क न पुसता एमबीआर-टू-जीपीटी या कमांडनं नव्या जीपीटी मांडणीत बदलता येते, आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट. पण त्याला एक्स्टेंडेड पार्टिशन (कप्प्याच्या आत पाडलेले कप्पे) चालत नाही, आणि आपल्याकडं सी, डी, ई, एफ असे चार कप्पे पाडायची रीतच आहे, म्हणून व्हॅलिडेटच नापास होतं. मागचे कप्पे बाहेरच्या डिस्कवर रिकामे करून, ते काढून मग पुन्हा करून पाहावं. कन्व्हर्ट झाल्यावर बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर न नेता मशीन सुरू केलं तर 'बूट डिव्हाइस नाही' येणार, तेव्हा घाबरायचं नाही.

अटींना बगल देऊन जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण बैठकीत त्या करू नयेत. पुढची आवृत्ती अशा मशीनला आपोआप येईल याचा भरवसा नसतो. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचनाच नाही. अशा मशीनवर फक्त ब्राउझर आणि टायपिंग चालत असेल तर लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकावी. ती उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. टॅली, टोकन किंवा एलबीपी२९०० असेल तिथं मिंटचा आग्रह धरू नका. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही आणि कॅप्टची लिनक्सवर रडारड आहे.

मिंट-उबंटूवाले पाच-सहा झाले की एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा उतरलेली पॅकेज साठवणारा प्रोग्राम चालवावा, पोर्ट ३१४२. बाकीच्यांनी ॲप्टच्या (पॅकेज उतरवणाऱ्या कमांडच्या) प्रॉक्सीत तो पत्ता द्यायचा, म्हणजे पॅकेज एकदाच उतरतं. एचटीटीपीएसवरच्या रेपॉझिटरी त्यात साठत नाहीत, त्या थेट जाऊ द्या. बैठक संपली की प्रॉक्सीची फाइल काढायला लावा, नाहीतर घरी गेल्यावर अपडेटच होत नाही म्हणून फोन येतात. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिमची आहे तशी नक्कल) घ्या, पण तो मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर धरत नाही, त्यामुळे तो फोटो-फाइलींचा बॅकअप नव्हे. लाइट गेल्यानं अपडेट अर्ध्यात तुटलं असेल तर डीपीकेजी या कमांडच्या कॉन्फिगर-ए नं ते पुरं होतं. उबंटूच्या एका एलटीएसवरून (दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीवरून) दुसऱ्या एलटीएसवर जायचं आमंत्रण पहिली पॉइंट आवृत्ती निघाल्यावरच येतं, ते येईपर्यंत जबरदस्ती करू नका.

बैठकीची वही साधी ठेवा: मशीनचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती, बसवलेल्या अपडेटचा केबी क्रमांक, काय बंद पडलं, कशानं चालू झालं. माणसाचं नाव लिहायची गरज नाही. वर्षभरात या वहीतून कळतं की गावात कुठला प्रिंटर कुठल्या अपडेटला रुसतो, आणि हे कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

२०२६ च्या वहीत आणखी दोन नोंदी आधीच करून ठेवाव्यात. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपू लागतात. नियमित अपडेट घेणाऱ्या बहुतेक मशीनना २०२३ ची नवी प्रमाणपत्रं मिळतात. न मिळालेलं मशीन सुरू होत राहतं, पण बूटच्या टप्प्याची पुढची सुरक्षा दुरुस्ती त्याला मिळत नाही. दुसरी नोंद १३ ऑक्टोबर २०२६ ची. विंडोज १० ची वाढीव मुदत आणि विंडोज ११ होम-प्रोच्या २४एच२ ची मुदत त्याच दिवशी संपते. म्हणजे दोन्हींचं काम सप्टेंबरच्या बैठकीत उरकायला हवं. पण सप्टेंबरमध्ये दुसरा मंगळवार ८ तारखेला येतो, त्यामुळे नेहमीच्या हिशोबाचा रविवार नेमका २० तारखेला, ३बी च्या शेवटच्या दिवशी आणि गणपतीत. डिसेंबरमध्येही तारीख तीच, फक्त गणपती नाहीत. सप्टेंबरची बैठक विसर्जनानंतर २७ ला घ्यावी. तोवर २२ चा प्रीव्ह्यू आलेला असेल, त्याच्या 'डाउनलोड अँड इन्स्टॉल'वर कुणी क्लिक करू नये एवढं आदल्या दिवशी ग्रुपवर टाकावं. २५एच२ ही २४एच२ वर बसणारी छोटी भर आहे, त्यामुळे ती मशीन लवकर उरकतील. पहिली रांग विंडोज १० वाल्यांना द्यावी.